चारशे बारामध्ये राहिलेली पिशवी

चारशे बारा रिकामी झाली म्हणजे बाळवालं कुटुंब गेलं, हे माझ्या अकरा वाजून वीस मिनिटांनी लक्षात आलं, तेही बाल्कनीचं दार सरकेना म्हणून.

मामी पलंगावरच्या चादरी ओढत होती. मी नेहमीप्रमाणे काचेचं सरकतं दार तपासायला गेले, तर ते चार बोटं सरकून अडलं. खाली वाकून बघितलं. काल संध्याकाळी मी स्वतःच्या हाताने रुळात बसवलेला अडसर जागच्या जागी होता. कडीवर रबरी टोपी होती. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना मऊ बूट. आणि कपाटाच्या खालच्या फळीवर रिकामी लाल पिशवी, नीट घडी घातलेली.

"मामी, ह्या खोलीतलं बाळ कुठे गेलं?"

"आईबापांबरोबर गेलं असेल. मी काय खिशात घातलंय?"

मामी म्हणजे माझ्या सख्ख्या मामाची बायको नव्हे. ती ह्या हॉटेलात एकवीस वर्षं खोल्या आवरते आणि धुलाईघरापासून स्वयंपाकघरापर्यंत सगळ्यांची मामी आहे. मी तिची सुपरवायझर, चौथ्या ते सातव्या मजल्याची. कागदावर मी वरची. प्रत्यक्षात ती रागावली की मी टॉवेलांच्या घड्या पुन्हा घालते.

लाल पिशवीचं आधी सांगते. आमचं हॉटेल पाण्याच्या इतकं कडेला आहे की समोरच्या बाजूच्या बाल्कन्यांखाली जमीनच नाही. तीन वर्षांच्या आतलं मूल येणार असलं की त्या खोलीत लाल पिशवी जाते. आत आठ प्रकारच्या वस्तू असतात: दाराचा अडसर, कडीची टोपी, टेबलाच्या कोपऱ्यांचे बूट, प्लगांची झाकणं, टबात अंथरायची जाळी वगैरे. त्या मी बसवायच्या आणि तक्त्यावर सही करायची. कडीची टोपी सगळ्यात महत्त्वाची. हॉटेल बांधणाऱ्याने दाराची कडी हाताच्या उंचीवर ठेवलीच नाही. काचेच्या मधोमध काही आलं तर पाण्याचा देखावा तुटतो म्हणे. म्हणून कडी पार खाली, पायाच्या अंगठ्याने दाबायची; दाबली की दार आतून बंद. मोठ्या माणसाच्या अंगठ्याला सोयीची, आणि रांगत्या मुलाच्या तळहाताला त्याहून सोयीची.

मी भिंतीवरचा फोन उचलून रिसेप्शनला लावला.

"चारशे बारा कुठे गेलेत?"

"सातशे एक. कोपऱ्यातला सूट," रिसेप्शनवाली म्हणाली. "सरांचं आज खालच्या हॉलमध्ये भाषण आहे, म्हणून वरून अपग्रेड आलं. नऊ वाजताच गेले की."

"मला कोणी सांगितलं नाही."

"कॉम्प्युटरवर आहे, ताई. बघायचं असतं."

मी बघितलं होतं. माझ्या यादीत 'चारशे बारा: रिकामी' आणि 'सातशे एक: भरलेली' अशा दोन वेगळ्या ओळी होत्या. दोन्हींत तीच माणसं आहेत, हे यादी सांगत नाही. बाळाची खूण खोलीला लावतात, पाहुण्याला लावत नाहीत. त्यामुळे पाहुणे वर गेले आणि खूण इथेच राहिली. बॅगा वर पोचवणाऱ्यांचा नियम असा, की पाहुण्यांचं सगळं उचलायचं आणि हॉटेलच्या कशालाही हात लावायचा नाही. त्यांनी चोख काम केलं होतं. बाळाचा उजवा मोजासुद्धा मागे राहिला नव्हता. राहिली होती फक्त आमची पिशवी.

"सूटला फोन जोडून दे," मी म्हटलं.

"दारावर 'त्रास देऊ नका'चा लाल दिवा आहे. फोनही बंद ठेवलाय. बाळ झोपलं असेल, आई झोपली असेल. सगळ्यांना तुझ्यासारखी धडधड नसते गं."

"ड्युटी मॅनेजर कुठेत?"

"धक्क्यावर. पाहुण्यांची बोट यायचीय. अर्धा तास तरी नाहीत." मग तिने आवाज खाली आणला, पण हसू ऐकू आलंच. "सायरन, आज नको वाजूस हं. महिनाच राहिलाय तुझा."

सायरन हे माझं इथलं नाव. ते कसं पडलं तेही सांगते, म्हणजे मी पुढे का कचरले ते कळेल. दोन महिन्यांपूर्वी पाचव्या मजल्यावर एका खोलीत बाळ सारखं रडत होतं. लाल दिवा होता. मी दहा मिनिटं दाराला कान लावून उभी राहिले आणि शेवटी कार्ड लावून आत शिरले. आत एक वयस्कर जोडपं जेवत होतं आणि बाळ टीव्हीत रडत होतं. त्या आजोबांनी घास हातात धरून माझ्याकडे जे बघितलं, ते मी विसरणार नाही. मला लेखी ताकीद मिळाली. सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीत पुन्हा असं घडलं तर पक्की नोकरी विसरायची, असं खाली स्वच्छ लिहिलं होतं. नियम साधा आहे. लाल दिवा असेल तर दुपारी दोनपर्यंत घंटी नाही, टकटक नाही. आत जायचं ते मॅनेजरच्या परवानगीने आणि दोघांनी मिळून.

माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे. ती सासूबाईंकडे असते. मी दिवसातून तीनदा फोन करते आणि सासूबाई तीनदा सांगतात, "जिवंत आहे गं, मघापासून काही बदललेलं नाही." तेव्हा माझी धडधड ही माझी एकटीची गोष्ट आहे, तिचा कामाशी संबंध लावायचा नाही, असं मी स्वतःला बजावून ठेवलेलं. म्हणून मी दोन मिनिटं काहीच केलं नाही. एका कोपऱ्याचा बूट काढला. दुसऱ्याचा काढला.

"मामी, मी नुसती वर जाऊन दिवा बघून येते."

"दिवा काय बघायचाय? तो लाल असतो."

"पिशवी भरून घेऊन जाते. मॅनेजर आले की लगेच बसवता येईल."

मामीने माझ्याकडे बघितलं, चादरींचा गठ्ठा गाडीत टाकला आणि म्हणाली, "दोघांनी जायचा नियम आहे ना? चल मग. तू एकटी गेलीस तर गिळतील तुला."

लिफ्ट धक्क्यावरच्या पाहुण्यांसाठी खाली अडवून ठेवली होती. आम्ही कामगारांच्या जिन्याने निघालो. त्या जिन्याला प्रत्येक वळणावर वहीएवढी एक खिडकी आहे. सहाव्या मजल्याच्या वर मामी दम खायला थांबली, आणि मी बाहेर बघितलं.

खाली सहलीची एक बोट चालली होती. बोटीतली माणसं मान वर करून हात हलवत होती. एकाने टोपी काढून फिरवली. एका बाईने लेकराचा हात धरून त्याच्याकडून टाटा करवला. सगळे हसत होते, आणि सगळे एकाच जागी बघत होते. मी खिडकीला गाल चिकटवून तिरपं वर बघितलं. कोपऱ्यातल्या सूटची बाल्कनी, तिचा कठडा आणि कठड्यावरून डोकावणारे दोन हात. कोणीतरी दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवत होतं.

"मामी, हे बघ."

मामीने बघितलं. "हवा खातेय बाई. बोटीला टाटा करतेय. बघ, जागी आहे, मजेत आहे. झालं तुझं समाधान?"

झालं असतं. पण तेवढ्यात ते हात कठड्यावरून गेले आणि क्षणभराने धप असा बारीक आवाज आला. मग पुन्हा धप धप. काचेवर तळवे आपटल्याचा. दारांची तपासणी करताना मीच तो आवाज दिवसातून वीसदा काढते, काच घट्ट आहे ना बघायला. हात परत कठड्यावर आले. बोटीतली माणसं आणखी खूश होऊन ओरडली.

बोटीला टाटा करणारं माणूस मध्येच वळून काच बडवत नाही.

"ती बाहेर अडकलीय," मी म्हटलं.

"मग बाळ?"

सकाळपासून, म्हणजे गेली पंधरा मिनिटं, माझ्या डोळ्यांसमोर बाळ बाल्कनीत होतं. दार आतून लागलं होतं, म्हणजे ते तर आत होतं, एकटं. बाल्कनीला निदान माझ्या छातीपर्यंत कठडा तरी आहे. आत काय काय आहे ते मला तोंडपाठ होतं: दगडी टेबलं, उघडे प्लग, खालच्या फळीवर बाटल्यांचं कपाट आणि खिडकीशी पायरी चढून उतरायचा मोठा टब. पायऱ्या कशा चढले ते आठवत नाही. मामी मागून म्हणत होती, "पडशील, अगं पडशील."

सातशे एकच्या दारावर दिवा लाल. ही दारं इतकी जाड आहेत की आत लग्नाची वरात नाचली तरी बाहेर कळू नये. मी घंटी दाबली. कार्ड हातात होतं. दिवा लाल असला तरी माझं कार्ड चालतं. चालतं म्हणूनच तर नियम करावा लागलाय. कार्ड लावलं की वेळ नोंदली जाते, आणि ती पुसता येत नाही. मला आजोबांचा घास आठवला. माझ्या पगारातून जाणारे घराचे हप्ते आठवले. हे सगळं मिळून किती वेळ गेला असेल? मामी सांगते, तू थांबलीच नाहीस. मला वाटतं, मी पुष्कळ थांबले.

दार उघडलं आणि पहिल्यांदा पाण्याचा आवाज आला.

नळ चालू होता. पातळ, वाजणारा आवाज नव्हता. खोल पाण्यात पाणी पडतं तसा जड, दबका. कोपऱ्यातल्या सूटचा टब काठोकाठ भरायला बावीस मिनिटं लागतात. मी स्वतः घड्याळ लावून बघितलंय.

समोर बैठकीच्या पलीकडे काच होती आणि काचेमागे ती. केस तोंडावर आलेले, तोंड उघडं, पण शब्द एक नाही. मला बघताच तिने दारावर मारायचं थांबवलं आणि हात लांब करून डावीकडे दाखवलं. मोरीकडे. मी आधी दार उघडून तिला आत घेईन अशी भीती तिच्या डोळ्यांत होती, इतकं कळलं.

"मामी, तू दार," मी म्हटलं, आणि डावीकडे वळले.

तो टबाच्या पायरीवर उभा होता. दीड वर्षाचा असेल. अंगात नुसता लंगोट. पोट टबाच्या काठावर, टाचा उचललेल्या, डोकं आणि दोन्ही हात पाण्यावर. आत त्याने बरंच काही टाकलं होतं: बापाचा एक बूट, टीव्हीचा रिमोट, आईचा फोन, साबणाची वडी. आता त्याला बूट परत हवा होता. बूट तरंगत बोटभर पुढे जायचा आणि तो बोटभर पुढे वाकायचा.

मी ओरडले नाही. पळालेही नाही. मूल दचकलं की पुढच्या बाजूला जातं, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही, माझ्या मुलीने शिकवलंय. मी जिभेने टकटक आवाज काढला, आम्ही घरी काढतो तसा. त्याने मान वळवली नाही. एक पाऊल. त्याचा डावा पाय पायरीवरून सुटला. दुसरं पाऊल. मग माझा हात त्याच्या पोटाखाली होता आणि त्याचं सगळं वजन माझ्या हातावर.

त्याला राग आला. बूट राहिला ना! त्याने माझ्या दंडाला कडकडून चावा घेतला आणि भोकाड पसरलं. इतका छान आवाज मी फार दिवसांत ऐकला नव्हता.

मी दुसऱ्या हाताने नळ बंद केला. पाणी काठाच्या दोन बोटं खाली होतं.

मामीने दार उघडलं होतं. ती बाई धावत आली आणि माझ्या हातातून मूल न घेता आधी त्याचे केस चाचपले, कोरडे आहेत का ते. मग त्याला छातीशी धरून जमिनीवरच बसली. तिचे तळवे लालभडक झाले होते. मामीने टॉवेल आणला, पाणी आणलं.

"टबाचा नळ सोडला होता. बाल्कनीतल्या खुर्चीवर त्याची पोहायची चड्डी वाळत घातली होती," ती शेवटी म्हणाली. "ती घ्यायला गेले. दोन पावलं. ह्याने मागून दार ढकललं, आणि खाली बसून काहीतरी दाबलं. आणि हसला. मला वाटलं खेळतोय, उघडेल. मग टबाकडे गेला. दिसेनासा झाला. दिसत नव्हता तेच जास्त वाईट."

"चूक आमची आहे, मॅडम. त्या कडीवर टोपी असायला हवी होती. ती खालच्या खोलीत राहिली."

तिने ते ऐकलं नसावं. "तुम्ही हे कोणाला सांगणार का?"

मी मामीकडे बघितलं.

"प्लीज," ती म्हणाली. "ह्यांना कळलं तर आईंना कळेल. पुढच्या महिन्यात मी कामावर परत जायचं म्हणतेय. घरात रोज तोच विषय. 'तुझं लक्ष नसतं. समोर असून तुझं लक्ष नसतं, ऑफिसात बसून काय ठेवणार?' त्यांना आता हे सापडलं की संपलंच. तुम्हाला मूल आहे?"

"चौदा महिन्यांची मुलगी."

"मग तुम्हाला कळतं."

मला कळत होतं. माझ्या घरीही असा विषय आहे; फक्त आमच्याकडे माझं लक्ष जास्त असतं अशी तक्रार आहे. मी काही कबूल केलं नाही. पिशवी इथेच होती असं कसं लिहू? आणि इथे काही घडलंच नाही असं लिहिलं तर मी लाल दिव्यात का शिरले? मी गुडघ्यांवर बसून आठही वस्तू बसवल्या. ती बघत होती. कडीवर टोपी बसवताना ती दोनदा निसटली.

खाली मोठ्या बाईंनी बोलावणं पाठवलंच होतं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या हाउसकीपिंगच्या प्रमुख. चष्मा साखळीला, आवाज कधी चढत नाही, म्हणून सगळे घाबरतात.

"अकरा एकेचाळीस. सातशे एक. लाल दिवा. तुझं कार्ड," त्या म्हणाल्या. "आता टीव्हीत काय होतं?"

मी सांगितलं. सगळं. मामीने मध्ये मध्ये "खरंय" म्हटलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. मग फॉर्म पुढे केला.

"लिही. घटना, कारण, उपाय. मी माफीचं पत्र आणि फळांची टोपली वर पाठवते."

"पत्र नको पाठवू या."

"का?"

मी त्या बाईचं म्हणणं सांगितलं, ऑफिसचं, सासूबाईंचं. मोठ्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे बघ. आपल्याकडे पत्र गेलं तर घटना घडली. पत्र गेलं नाही तर घटना घडली नाही. आणि घटना घडली नाही, तर तू लाल दिव्यात कशाला शिरलीस? एक काहीतरी ठरव. चारपर्यंत हा फॉर्म वर जातो."

"आणि मी लिहिलंच नाही तर?"

"तर तुझी जागा जाते. आणि बाळाची खूण तशीच खोलीला चिकटलेली राहते. पुढच्या वेळी अपग्रेड होईल, तेव्हा जिन्याच्या खिडकीतून कोण बघणार आहे? मी?"

त्यांनी पत्राचा नेहमीचा मसुदा पुढे सरकवला. वर पाहुण्याचं नाव छापलेलं होतं. त्या सरांचं. मी ते नाव बघत बसले. भाषण देत होते ते. ना बाल्कनीत होते, ना मोरीत.

"हे पत्र ह्यांना कशाला?" मी म्हटलं.

"बुकिंग त्यांच्या नावावर आहे."

"काच त्यांनी बडवली का? माफी ज्यांची मागायची त्यांनाच पत्र जायला पाहिजे. त्यांच्या नावाने. बंद पाकिटात. मग त्यांनी ते दाखवावं, फाडावं, काय हवं ते करावं."

मोठ्या बाई माझ्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की मामी खोकली. "नाव काय त्यांचं?"

मी रजिस्टर उघडलं. मोठी माणसं दोन, मूल एक. तिचं नाव कुठेच नव्हतं.

मी सूटला फोन लावला. घंटी वाजली, म्हणजे फोन चालू केलेला होता. पलीकडे पुरुषाचा आवाज आला.

"हॅलो?"

भाषण संपलं होतं.

"सर, हाउसकीपिंगमधून बोलतेय. मॅडमशी बोलायचं होतं."

"काय काम आहे? मला सांगा."

"बाळाच्या सामानाबद्दल आहे, सर. त्यांनाच विचारायचंय."

"मीही त्याचा बापच आहे," तो हसून म्हणाला. तसा वाईट वाटला नाही माणूस. ते आणखी अवघड. "बरं, थांबा. अगं, हॉटेलवाले तुलाच मागतायत."

ती आली. "हं."

"मॅडम, तुम्ही नुसतं हो-नाही म्हणा. मला लिहावं लागणार आहे. नाही लिहिलं तर पुढच्या मुलाचंही हेच होईल."

पलीकडे मुलगा काहीतरी आपटत होता.

"पण पत्र तुमच्या नावाने येईल. बंद पाकिटात, तुमच्याच हातात. चालेल?"

"हो."

"फळांची टोपली असते सोबत."

"नाही," ती पटकन म्हणाली. "ती नको."

"मग मला तुमचं नाव लागेल. पूर्ण."

तिने सांगितलं. सावकाश, एकेक अक्षर सुटं करत. मागून तो विचारत होता, "नाव कशाला पाहिजे त्यांना?" आणि तिने पुन्हा एकदा सांगितलं, आधीपेक्षा थोडं मोठ्याने.

मोठ्या बाईंनी स्वतः टाइप केलं. टोपलीच्या रकान्यात 'पाहुण्यांनी नाकारली' असं लिहिलं. माझ्या फॉर्मवर 'प्रवेशाचं कारण योग्य' असा शेरा मारला आणि सही केली.

"जुनी ताकीद मी काढणार नाही," त्या म्हणाल्या. "टीव्हीतलं बाळ ते टीव्हीतलंच. पण तुझा अर्ज पुढे जाईल. दंडाला काय झालंय?"

"चावलंय."

"खरं बाळ होतं तर." त्यांनी हे हसून म्हटलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

साडेतीनला मी पाकीट घेऊन वर गेले. एकटीच, कारण दिवा हिरवा होता. दार त्यानेच उघडलं. टाय सैल केलेला, पाय अनवाणी. त्याच्या फिरायच्या जोडीतला एक बूट खिडकीशी वाळत होता. त्याबद्दल तिने त्याला काय सांगितलं होतं, देव जाणे.

"द्या," त्याने हात पुढे केला.

"मॅडमच्या नावे आहे, सर. त्यांच्या हातात द्यायचंय."

"माझ्याच खोलीत माझ्यापासून गुपित?" तो हसला, पण हात मागे घेतला नाही.

मी पाकीट दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. पाहुण्याला 'नाही' म्हणायचं नसतं, असं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. मी 'नाही' म्हटलं नाही. दिलंही नाही. त्याचं हसू हळूहळू ओसरलं.

"कोण आहे?" आतून तिने विचारलं, आणि कडेवर मुलाला घेऊन आली. दुपारपासून त्याला खाली ठेवलंच नसावं, इतकी ती एका बाजूला कलली होती. तिने पाकीट घेतलं. मला वाटलं, पर्समध्ये टाकेल, उशीखाली ठेवेल. मी वळायला लागले.

तिने मुलाला नवऱ्याकडे दिलं, पाकीट तिथेच फाडलं आणि दारात उभी राहून वाचलं. पाच ओळी होत्या. एका चिमुकल्याच्या जिवाला आमच्या हलगर्जीपणामुळे धोका झाला, एवढंच त्यात होतं, आणि वर तिचं नाव. ती सगळ्यात जास्त वेळ त्या नावावर थांबली असं मला वाटलं. मग तिने कागद त्याच्यापुढे धरला.

"काय आहे हे?" त्याने विचारलं.

"वाच," ती म्हणाली. "मी कुठे होते तेही सांगते. पण आधी शेवटपर्यंत वाच. वाचून होईपर्यंत एक शब्द बोलू नकोस."

त्याने मुलाला एका हातावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने कागद धरला. मी जिन्याकडे निघाले. दार लावल्याचा आवाज काही मागून आला नाही.